साडूभाऊंची गाडी बसत नसे

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही दोन्ही जावई सासरी जायचो. सासऱ्यांचं गाव नरडाण्याच्या अलीकडे, महामार्ग सोडून थोडं आत. माझे साडू धुळ्याहून यायचे, मी जळगावहून. आमच्या दोघांच्या मोटारसायकली एकाच कंपनीच्या, एकाच लाल रंगाच्या, एकाच वर्षी घेतलेल्या. अंगणातल्या निंबाखाली त्या शेजारीशेजारी उभ्या केल्या, तर कुठली कोणाची हे नंबर वाचल्याशिवाय कळायचं नाही. फरक पडायचा तो माणूस बसल्यावर.

त्या वर्षी जेवणं झाल्यावर आबांना, म्हणजे आमच्या सासऱ्यांना, वावरात जायचं होतं. खापरावरचे मांडे आणि आमरस खाऊन सगळे आडवे झाले होते, पण आबांना दुपारची झोप ठाऊक नव्हती. मी आधीच उठून गाडी सुरू केली होती आणि ओट्याला लावून तयार होतो. आबा धोतराचा सोगा सावरत पायऱ्या उतरले, माझ्या गाडीपाशी आले, सीटवर हात ठेवला आणि मागच्या चाकाकडे वाकून पाहिलं.

"तुमनी गाडी पार बसी जास, बापू," ते हळूच म्हणाले. "तुम्ही आराम करा. मी थोरला जावाईसंगे जास."

आणि ते साडूंच्या मागे जाऊन बसले. साडूंची गाडी जरा दबली, पुन्हा जागेवर आली आणि निघाली. मी आराम केला नाही. त्यांच्या मागोमाग एकटाच गेलो, वावरापर्यंत त्यांची धूळ खात.

तसं पाहिलं तर यात रागावण्यासारखं काही नव्हतं. सासऱ्यानं एका जावयाऐवजी दुसऱ्याच्या गाडीवर बसणं ही काय गोष्ट झाली. पण मला वडील आठवत नाहीत. मी फार लहान असताना ते गेले. लग्नानंतर आबांनी मला पहिल्यांदा 'बापू' म्हणून हाक मारली, तेव्हा एवढा मोठा गडी असून ती हाक पुन्हा ऐकायला मी त्यांच्या मागेमागे फिरलो होतो. मी मनातल्या मनात आबांना माझं करून टाकलं होतं. त्यांना थोरला जावई माझ्या चार वर्षं आधी मिळाला आहे, हे मला कधी नीट पचलंच नाही.

साडू पाटबंधारे खात्याच्या धुळ्यातल्या ऑफिसात होते. अंगानं वाळक्या शेंगेसारखे. जेवायला बसले की माझ्यापेक्षा दोन मांडे जास्त खायचे, रसाची वाटी पुन्हा पुन्हा पुढे करायचे आणि उठताना पोट जसंच्या तसं सपाट. मी शेवभाजीचा रस्सा नुसता पाहिला तरी माझ्या अंगाला लागायचा. शाळेत मला सगळे पहिलवान म्हणायचे, पण आखाड्यात मी कधी उतरलो नव्हतो. तिशीत मी शंभर किलोंच्या पुढे गेलो. पाण्याचे पंप विकणाऱ्या एका दुकानासाठी मी तालुक्या-तालुक्यांतून फिरायचो. जामनेर, पारोळा, साक्री, कधी थेट पिंपळनेरपर्यंत. दिवसाचे निम्मे तास त्या गाडीवर जायचे.

आणि ती गाडी माझ्यासाठी नव्हतीच. तेव्हा नव्यानं आलेल्या त्या हलक्या गाड्या पेट्रोल वाचवायच्या, दिसायला देखण्या असायच्या, पण कुणा सडसडीत माणसाला नजरेसमोर ठेवून बनवलेल्या. मी बसलो की मागच्या दोन्ही स्प्रिंगा निम्म्याहून जास्त दाबल्या जायच्या. मागे बायको बसली की उरलेल्याही संपायच्या. मग रस्त्यात जरासा खड्डा आला तरी खटकन लोखंडावर लोखंड आपटायचं आणि मडगार्ड टायरला घासून खर्रर्र आवाज यायचा. एरंडोलच्या बाजारात लोक वळून पाहायचे. बायको काही बोलायची नाही, पण खांद्यावरच्या तिच्या हाताची पकड घट्ट व्हायची.

त्या आखाजीहून परत येताना मात्र ती बोलली, थोरल्या बहिणीचा, म्हणजे साडूंच्या बायकोचा, विषय काढून.

"अक्का म्हणत होती, भाऊजींच्या गाडीवर ती चक्क डुलकी काढते."

"तुझी अक्का किती वजनाची आहे?"

"माझ्यापेक्षा जास्तच आहे," ती म्हणाली.

पारोळ्यापर्यंत मडगार्ड तेवढं बोलत होतं.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी मी पाना घेऊन बसलो. स्प्रिंगेच्या बुडाशी एक खाचांची कडी असते. ती फिरवली की स्प्रिंग खालून थोडी आवळली जाते. मी ती शेवटच्या खाचेवर नेऊन ठेवली. गाडी बोटभर उंच झाली आणि मी खूश झालो. पण दोन दिवसांत कळलं की उंची तेवढी वाढली आहे, ताकद तीच आहे. जुन्या पलंगाखाली विटा लावल्या म्हणून त्याच्या पट्ट्या काही घट्ट होत नाहीत. खड्डा आला की आवाज तोच, फक्त जरा उशिरा.

पंपाच्या कामासाठी धुळ्याला गेलो, तेव्हा आग्रा रोडच्या एका गॅरेजात शिरलो. मिस्त्री माझ्याच वयाचा होता, पान खाणारा आणि बोलका. मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाला, "शेठ, तुम्हाला कंपनीची स्प्रिंग पुरणार नाही. मग ती नवी टाका नाहीतर जुनीच ठेवा." मग त्यानं आतून तीन प्रकार आणून माझ्यापुढे ठेवले. एक कंपनीचीच नवी. एक तिच्यापेक्षा जरा जाड तारेची. आणि तिसरी एका जुन्या, भारी मोटारसायकलीची, करंगळीएवढ्या तारेची, कापून आमच्या मापाची केलेली.

मी ती तिसरी हातात घेतली. जमिनीवर उभी धरून दोन्ही तळहातांनी, सगळं अंग टाकून दाबली. ती हललीही नाही.

"ही जास्त होईल," मिस्त्री म्हणाला. "मधली घ्या. तुम्ही बसल्यावर गाडी थोडी तर बसायलाच पाहिजे. चाकाला खड्ड्यात उतरायला जागा लागते."

त्याचं बोलणं मला समजलं होतं. मी रोज पंप विकत होतो. कुठल्या विहिरीला किती ताकदीची मोटर लागते आणि जास्तीची बसवली तर काय होतं, हे मी शेतकऱ्यांना दिवसभर सांगायचो. पण माझ्या डोळ्यांसमोर साडूंची गाडी होती, आबा बसल्यावर जरा दबून पुन्हा जागेवर येणारी. माझी गाडी तेवढीही दबू नये असं मला वाटत होतं. माझ्या मागे आबाच काय, आबा आणि ज्वारीचं पोतं बसलं तरी ती ताठ राहायला हवी होती.

"हीच टाका," मी म्हणालो.

गॅरेजातून निघालो तो थेट सासरी गेलो. गाडी घोड्यासारखी उंच झाली होती. आबांना पंचायतीच्या कामानं नरडाण्याला जायचंच होतं आणि साडू तिथे नव्हते. मी म्हणालो, "आबा, नव्या स्प्रिंगा टाकल्या. बसून तर पाहा."

आबा बसले. गाडी तसूभरही खाली गेली नाही. मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं काहीतरी म्हणतील. ते नुसते हसले. गावापासून महामार्गापर्यंत बैलगाड्यांनी कातरलेला रस्ता होता. पहिल्याच चाकोरीत मागचं चाक उसळलं. आबा सीटवरून उडाले आणि दाणकन खाली आले. मी वेग कमी केला. मग प्रत्येक दगड मोजून लागायला लागला. नाल्यावरच्या फरशीच्या, म्हणजे बुटक्या दगडी पुलाच्या, कडेला तर गाडीनं अशी लाथ मारली की माझेही दात एकमेकांवर आपटले. महामार्गाला लागण्याआधीच आबांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

"थांबा, बापू."

ते उतरले. कमरेवर हात ठेवून थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "आते एस.टी. येईच. तुम्ही चाला."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. एस.टी. येईपर्यंत मी त्यांच्याबरोबर बाभळीच्या सावलीत उभा राहिलो. त्यांनी कापसाच्या गोष्टी काढल्या, पावसाच्या काढल्या. गाडीचा विषय काढला नाही. ते एस.टी.त चढले आणि मी जळगावची वाट धरली. वाटेत प्रत्येक धक्क्याला मला साडूंचा तो सपाट पोटाचा सदरा आठवत होता.

पावसाळा संपता संपता साडू काही कामासाठी जळगावला आले आणि आमच्याकडे उतरले. मी घरी नव्हतो, तेवढ्यात त्यांनी माझी गाडी घेऊन चक्कर मारली होती. मी आलो तेव्हा ते ओट्यावर बसून माझ्या बायकोनं केलेली भाकरी आणि भरीत खात होते, नेहमीसारखे भरपूर.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "तुमच्या गाडीनं मला चिंचोक्यासारखं उडवलं. या स्प्रिंगा तुम्हालाही कडक आहेत. तुमच्या इथेच औद्योगिक वसाहतीत एक जण स्प्रिंगा वळून देतो. आमच्या ऑफिसच्या जीपचं काम त्यानंच केलं. माप द्या, तुमच्या वजनाची करून देईल."

"बघू," मी म्हणालो.

"बघू काय, मी सांगून ठेवतो त्याला."

"नको. मी बघतो."

मला त्या माणसाचा चांगुलपणाही सोसवत नव्हता. जळगावात राहायचं मी आणि जळगावातला स्प्रिंगवाला सांगायचा धुळ्याच्या माणसानं. शिवाय त्यांच्या बोलण्यात कुठे टोमणा असता तर मला धरायला जागा मिळाली असती. तो नव्हता. रात्री बायकोला म्हणालो, "माझ्या गाडीला हात लावायचं काय कारण होतं त्यांना?" ती म्हणाली, "मीच दिली चावी. मी त्यांना म्हटलं, हे सांगत नाहीत, पण रोज संध्याकाळी पाठ शेकून घेतात. तुम्ही तरी पाहा."

हे ऐकून मला जास्तच लागलं. माझी पाठ दुखते हे माझ्या बायकोनं साडूंना सांगायचं. दोन महिने मी त्या वसाहतीकडे फिरकलो नाही. पण दिवाळीला माहेरी जायची वेळ आली, तेव्हा बायकोनं पिशवी भरली आणि सरळ सांगितलं, "मी एस.टी.नं जाते. तुम्ही गाडीवर या."

लग्न झाल्यापासून ती कधी माझ्याशिवाय माहेरी गेली नव्हती. त्या दिवाळीला तिची एस.टी. माझ्याआधी पोचली आणि तिला स्टँडवरून घरी आणलं ते साडूंनी.

परत आल्यावर मी गेलो त्या स्प्रिंगवाल्याकडे. पत्र्याच्या शेडमध्ये एका जुन्या लेथवर तो तार वळायचा. शेतीची अवजारं, ट्रकचे ब्रेक, गिरणीची यंत्रं, सगळ्यांच्या स्प्रिंगा त्याच्याकडे व्हायच्या. माझी कंपनीची जुनी जोडी आणि ती जाड जोडी, दोन्ही त्याच्यापुढे टाकल्या. तो म्हणाला, "तारेची जाडी आणि वेढे, एवढंच असतं. तार जाड केली की कडक, वेढे वाढवले की नरम. तुम्हाला किती पाहिजे ते तुम्ही सांगा. मी तुमच्या गाडीवर बसणार नाही."

किती पाहिजे हे सांगायचं म्हणजे आधी मोजायला हवं होतं. त्या रविवारी बायकोला हाताशी घेतलं. अंगणात भिंतीला लागून गाडी उभी केली. कंपनीच्या जुन्या स्प्रिंगा परत बसवल्या होत्या. मोकळी गाडी असताना सीटच्या कडेची उंची तिनं भिंतीवर खडूनं आखली. मग मी बसलो, पाय वर घेतले, भिंतीला एक हात टेकून तोल धरला. तिनं दुसरी रेघ मारली. मग माझ्या मागे सरकीची गोणी ठेवली आणि तिसरी रेघ.

"ही तर जमिनीलाच लागली," ती म्हणाली.

"हस नको. रेघ मार."

मग जाड स्प्रिंगा घातल्या आणि पुन्हा तेच. या खेपेला तिन्ही रेघा जवळजवळ एकावर एक आल्या. आम्ही दोघं भिंतीपुढे उभे राहून पाहत होतो. पहिल्या जोडीला तिन्ही रेघांत नको इतकं अंतर, दुसरीला अंतरच नाही. "मधे कुठेतरी पाहिजे," बायको म्हणाली आणि तिनं दोन्हींच्या मधोमध वेगळ्या रंगाच्या खडूनं एक रेघ ओढली. "तुम्ही एकटे बसलात की इथे यायला हवी. आणि मागे कुणी बसलं की इथे. याच्या खाली नको."

मी तिच्या त्या दोन रेघांची मापं घेऊन शेडमध्ये गेलो. स्प्रिंगवाल्यानं पहिली जोडी वळली ती लांबीला जास्त झाली. गाडी मागून वर आली आणि सीट पुढे उतरती. मी सारखा टाकीवर घसरत होतो. दुसऱ्या खेपेला लांबी बरोबर आली, पण एकटा असताना कडकपणा जाणवत होता. तेव्हा तोच म्हणाला की एका टोकाला वेढे जवळजवळ ठेवून पाहू. हलका भार आला तर जवळचे वेढे आधी दबतील, भार वाढला की ते एकमेकांवर टेकतील आणि पुढचे लांबचे काम करतील. त्याबरोबर त्यानं शॉकॲबसॉर्बरमधलं तेलही बदलायला लावलं, कारण नुसती स्प्रिंग चांगली असली आणि तिला धरणारं तेल पाण्यासारखं झालं असलं, तर ती उसळतच राहणार.

ती तिसरी जोडी बसवून मी अंगणात आलो. बायको खडू घेऊन उभीच होती. मी बसलो. तिच्या रेघेवर सीट आली. गोणी ठेवली. दुसऱ्या रेघेवर आली, केसभर वर. ती आत गेली, पदर खोचून बाहेर आली, गोणी ढकलून दिली आणि मागे बसली. "चला मेहरूणच्या तळ्यापर्यंत," ती म्हणाली. त्या वाटेवर खड्ड्यांना तोटा नव्हता. ते जाणवत होते, पण खालून कुणी हातानं आपल्याला झेलून घ्यावं तसे. येताना तिनं माझ्या पाठीला डोकं टेकलं. मला वाटलं, हे आता अक्काला जाऊन सांग.

पुढच्या संधीला मी सासरी गेलो तो मुद्दाम साडू येणार होते त्याच दिवशी. आबांना वावरात जायचं होतं. मी पुढे झालो आणि म्हणालो, "आबा, आता गाडी बसत नाही आणि उसळतही नाही. तुमच्या लेकीला विचारा."

आबांनी लेकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "चांगलं झालं, बापू," ते म्हणाले आणि साडूंच्या मागे जाऊन बसले.

मी हातातली चावी तशीच धरून उभा राहिलो. सासूबाई दारात होत्या, त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. साडूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू करायला वेळ लावला, पण आबांनी "चाला" म्हटल्यावर त्यांना निघावं लागलं.

संध्याकाळी आबा खळ्याच्या कडेला एकटे बसले होते, तिथे मी गेलो. 

"आबा, एक विचारू? माझं काय चुकलं?"

"कसानं?"

"तुम्ही माझ्या गाडीवर बसत नाही. आधी गाडी वाईट होती, मान्य. आता तर ती त्यांच्या गाडीपेक्षा चांगली आहे."

 आबांनी हात लांब करून माझ्या पाठीवर ठेवला, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत फिरवला, जणू माप घेत होते.

"तुमना मांगे बसं का माले काहीच दिखत नही," ते म्हणाले. "बठ्ठी पाठच दिखस. थोरला जावाई वाळेल शे. त्याना खांदावरथून वावरं दिखतस, रस्ता दिखस. तुमले वाईट वाटी म्हनीसन बोलनू नही."

म्हणजे माझ्या मागे सगळी माझी पाठच दिसायची, एवढंच कारण होतं. पण ते पुढे बोलत राहिले. दोन्ही डोळ्यांवर धुई चढत चालली होती. उजव्यानं तर आता माणूस उभा आहे एवढंच कळायचं. सासूबाईंनाही त्यांनी सांगितलं नव्हतं. गाडीवरून जाताना कुणाचा कापूस किती वर आला, कुठे बाजरी पडली, कुठल्या विहिरीवर नवी मोटर बसली, हे त्यांना जेवढं दिसत होतं तेवढं पाहून घ्यायचं होतं. घरात बसून त्यांना भीती वाटायची.

मी म्हणालो, "मोतीबिंदू असेल, आबा. धुळ्याला दाखवू. ऑपरेशन होतं." त्यांनी मान डोलावली. हे कोणालाच सांगितलं नव्हतं ते त्यांनी मला सांगितलं, याचं मला केवढं समाधान वाटलं. साडूंना माहीत नव्हतं. घरात जाऊन मी सगळ्यांना सांगितलं ते थोड्या ऐटीतच. तेव्हा साडू म्हणाले, "मला शंका होती. हल्ली ते मला रस्त्यातल्या गोष्टी विचारत असतात. मी सांगत असतो, हे अमक्याचं शेत, हे तमक्याचं." म्हणजे इतके दिवस साडू आबांचे डोळे झाले होते, आणि मी स्प्रिंगा मोजत होतो. माझ्या हातात आलेली एवढीशी गोष्टही त्यांनी नकळत काढून घेतली.

धुळ्याला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हाची ऑपरेशनं आजच्यासारखी नव्हती. टाके असायचे, डोकं हलवायचं नाही, वाकायचं नाही, खोकायचंही जपून. घरी नेताना गावातल्या एकाची जीप मिळाली. पण नंतर टाके दाखवायला आबा सासूबाईंबरोबर एस.टी.नं गेले, तर नेमकी मागच्या चाकावरची जागा मिळाली. दवाखान्यात पोचले तेव्हा डोळा लाल झाला होता. डॉक्टरीणबाई रागावल्या. तपासून म्हणाल्या, "नशीब, काही बिघडलं नाही. पण परत जाताना गचका बसता कामा नये आणि वारा-धूळ लागता कामा नये."

मी आणि साडू दोघंही तिथे होतो, दोघांच्या गाड्या फाटकाबाहेर. जीपवाला बाहेरगावी गेलेला.   पुन्हा पुढे व्हायचं आणि पुन्हा चावी हातात धरून उभं राहायचं, हे मला नको होतं.

साडूच म्हणाले, "आबा, साडूभाऊंच्या गाडीवर बसा. माझ्या पाठीमागे वारा कुठे अडणार? आणि त्यांची गाडी पाण्यावरून चालल्यासारखी चालते, मी मागच्या महिन्यात चालवून पाहिली." त्यांनी माझ्या नकळत पुन्हा चावी घेतली होती तर. त्या वेळी मला त्याचा राग आला नाही, किंवा आला असेल, पण वेळ नव्हता.

आबांच्या डोळ्यावर पट्टी, त्यावर हिरवा चष्मा, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. सासूबाईंना साडूंनी घेतलं. आबा माझ्या मागे बसले, दोन्ही हातांनी मला धरलं आणि कपाळ माझ्या पाठीच्या मधोमध टेकवलं. गाडी बायकोच्या रेघेवर येऊन थांबली असावी. मी क्लच सोडला तो दुधाचं भांडं घेऊन चालावं तसा.

सोनगीरकडे निघाल्यावर साडूंनी गाडी पुढे घेतली. मला वाटलं, इथेही पुढेच. पण थोड्या वेळानं लक्षात आलं की ते डावा हात वर करतात तिथे खड्डा असतो. हात खाली करतात तिथे रस्ता नीट. समोरून ट्रक आला की ते रस्त्याच्या मधे येऊन त्याला वेग कमी करायला लावत होते आणि त्याची धूळ आधी आपल्या अंगावर घेत होते. सबंध वाटभर मी त्यांचा तो बारीक हात पाहत चाललो होतो. जिथे तो वर जायचा तिथे मी वेग कमी करायचो, आणि स्प्रिंगा हळूच दबून हळूच वर यायच्या. आबांचं कपाळ माझ्या पाठीवरून हललं नाही. नाल्याच्या फरशीवर मी जवळजवळ पायांनी गाडी ढकलत नेली. पलीकडे गेल्यावर आबा मागून म्हणाले, "फरशी गयी का?"

"गेली, आबा."

"समजनं नही."

आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ चांगलं म्हटलं असेल. त्या दोन शब्दांएवढं काही मनाला भिडलं नाही.

अंगणात पोचलो तेव्हा साडू आधीच येऊन उभे होते, पापण्यांपर्यंत धुळीनं पांढरे झालेले. आम्ही दोघांनी आबांना धरून उतरवलं. बाजेवर बसल्यावर आबांनी हात चाचपत विचारलं, "थोरला कोठे शे?"

साडू पुढे झाले. आबांनी त्यांचा हात धरून ठेवला आणि बराच वेळ सोडला नाही. सासूबाईंना म्हणाले, "त्याले पहिले पानी द्या. बठ्ठी धूळ त्यानीच खादी."

मी गाडीपाशी उभा होतो. छातीत ते ओळखीचं काहीतरी टोचलं, जुनंच, पण पूर्वीइतकं खोल नाही. बायको पाण्याचे दोन पेले घेऊन आली. एक तिनं साडूंना दिला, एक मला. साडू पेला घेऊन माझ्याजवळ आले आणि स्प्रिंगेकडे वाकून पाहत म्हणाले, "साडूभाऊ, तार कुठल्या जाडीची घेतली होती? माझं वजन थोडं वाढतंय म्हणतात डॉक्टर."

मी त्यांच्या पोटाकडे पाहिलं. सदऱ्याखाली काहीच दिसत नव्हतं. मी त्यांना तारेची जाडी सांगितली, वेढे सांगितले, आणि जवळचे वेढे कुठल्या टोकाला ठेवायचे तेही सांगितलं.